नाका ००१२ हाताशी धरून: पदवीच्या वर्षांत संगणकीय वायुगतिकी कशी शिकावी

शेवटच्या वर्षाला सीएफडीवर, म्हणजे संगणकावर प्रवाह सोडवण्याच्या शास्त्रावर, प्रोजेक्ट घेतलेली मुलं भेटायला येतात. लॅपटॉप उघडून आधी दाखवतात ते पंखाभोवतीचे लाल-निळे पट्टे. चित्र छान असतं. मी विचारतो, "लिफ्ट किती आली?" लिफ्ट म्हणजे पंखाला वर उचलणारं बल. तिचा आकडा लगेच सांगतात. "आणि यायला किती हवी होती?" इथे मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात सॉफ्टवेअर आधी आलं आणि हवेचं वागणं समजून घ्यायची वेळ आलीच नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावं, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

माझा सल्ला एका वाक्यात सांगता येतो: एकच एअरफॉइल, म्हणजे पंखाचा आडवा छेद, निवडा आणि तो पायरीपायरीने सोडवत वर चढा. आधी कागदावर, मग स्वतःच्या कोडमध्ये, आणि त्यानंतरच मोठ्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे प्रवाहाची समीकरणं सोडवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरमध्ये. मी निवडतो तो नाका ००१२. दोन्ही बाजूंनी सारखा, कॉर्डच्या (पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतच्या लांबीच्या) १२ टक्के जाड. हवेच्या प्रवाहाशी कोन १० अंश, रेनल्ड्स नंबर (हवेच्या जडत्वाचं चिकटपणाशी गुणोत्तर) ६० लाख, माक नंबर (वेगाचं ध्वनीच्या वेगाशी गुणोत्तर) ०.१५. याच स्थितीचे प्रयोगाचे आकडे आणि वेगवेगळ्या सॉल्व्हरची उत्तरं नासाने टर्ब्युलन्स (प्रवाहातली खळबळ) मॉडेल तपासण्यासाठी सगळ्यांना खुली ठेवली आहेत. वहीचं एक पान या एका केससाठी राखून ठेवा. प्रत्येक पायरीला आलेला लिफ्ट आणि ड्रॅग (मागे ओढणारं बल) कोइफिशंट, म्हणजे त्या बलाचा एककरहित आकडा, त्या पानावर लिहायचा.

सुरुवातीची शिदोरी

गणित लागतं, पण मोजकं. टेलर सिरीज, पार्शल डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स सोडवणं आणि एम-थ्रीमधलं (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणित पेपरातलं) व्हेक्टर कॅल्क्युलस. एम-थ्री परीक्षेपुरतं केलं असेल तर डायव्हर्जन्स आणि कर्ल पुन्हा वाचा, पण या वेळी हवा डोळ्यांसमोर ठेवून. डायव्हर्जन्स म्हणजे एका चिमुकल्या डब्यातून निव्वळ किती हवा बाहेर गेली. कर्ल म्हणजे त्या जागी सोडलेली काडी स्वतःभोवती किती फिरेल. हे चित्र मनात बसलं की समीकरणं पाठ करावी लागत नाहीत.

प्रोग्रामिंगसाठी पायथन पुरे, सोबत आकडेमोडीसाठी नमपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप इथे सांगितलेल्या सगळ्या कामाला पुरतो. व्याख्यानं हवी असतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटीतल्या प्राध्यापकांची फुकट आहेत. पण एका वेळी एकच मालिका धरा आणि तिच्यातली गणितं हाताने सोडवा. नुसतं ऐकून हा विषय येत नाही.

पहिली पायरी: कागद आणि पेन्सिल

थिन एअरफॉइल थिअरी सांगते की सिमेट्रिक एअरफॉइलचा लिफ्ट कोइफिशंट म्हणजे २ पाय (π) गुणिले कोन, कोन रेडियनमध्ये. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन. गुणाकार १.०९७. ड्रॅग शून्य. वहीत पहिली ओळ लिहून टाका. हे उत्तर विसरू नका, पुढे ते फार काही शिकवणार आहे.

दुसरी पायरी: स्वतःचा पॅनेल कोड

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. तीन-चार शनिवार-रविवार लागले तरी हरकत नाही. हवा चिकट नाही, दाबली जात नाही आणि तिच्यात भोवरे नाहीत असं मानलं की प्रवाहाचं समीकरण म्हणजे लाप्लासचं समीकरण उरतं. ते लिनियर असल्यामुळे साध्या उत्तरांची बेरीज करता येते. एअरफॉइलचा पृष्ठभाग शेकडो सरळ तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्यावर अनोळखी ताकदीचा भोवरा किंवा स्रोत ठेवायचा आणि अट घालायची की कुठल्याही तुकड्यातून हवा आरपार जाणार नाही. जितके तुकडे तितकी समीकरणं. त्यात मागच्या टोकाशी हवा गुळगुळीत सुटण्याची, म्हणजे कुट्टाची अट जोडायची. हेस आणि स्मिथ यांनी डग्लस विमान कंपनीत १९६०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. आज ती पायथनच्या दीडशे ओळींत बसते.

आकार काढताना नाका ००१२चं सूत्र असं: अर्धी जाडी = ५ × ०.१२ × (०.२९६९ √क्ष − ०.१२६० क्ष − ०.३५१६ क्ष² + ०.२८४३ क्ष³ − ०.१०१५ क्ष⁴). क्ष म्हणजे नाकापासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, कॉर्डवरचं अंतर, अख्खी कॉर्ड १ धरून. आता क्षच्या जागी १ घालून बघा. कंसात ०.००२१ उरतं. म्हणजे शेपटीकडे वरचा आणि खालचा पृष्ठभाग मिळतच नाही, कॉर्डच्या पाव टक्क्याएवढी फट राहते. कुट्टाची अट नेमकी तिथेच लावायची असते, त्यामुळे ही फट कोडला त्रास देते. शेवटचा आकडा ०.१०१५ऐवजी ०.१०३६ घेतला की शेपूट बंद होते. बिंदू सारख्या अंतरावर ठेवू नका. अर्धवर्तुळावर समान कोनांनी बिंदू घेऊन ते खाली कॉर्डवर उतरवा, म्हणजे नाकाशी आणि शेपटीशी ते आपोआप दाट होतात. दाब झपाट्याने बदलतो तो नाकाशीच.

कोड चालला म्हणजे बरोबर आला असं होत नाही. कोन शून्य ठेवला तर लिफ्ट शून्य यायला हवी, आणि तीही दशांशाच्या दहाव्या घरापर्यंत. तसं झालं नाही तर वरच्या आणि खालच्या पॅनेलच्या क्रमात गडबड आहे. हवा जिथे येऊन थांबते तिथे प्रेशर कोइफिशंट (दाबाचा एककरहित आकडा) १च्या जवळ हवा आणि कुठेही १च्या वर जाता कामा नये. मग ड्रॅग बघा. दालांबेरच्या विरोधाभासानुसार अशा आदर्श हवेत ड्रॅग शून्यच असतो. तुमच्या कोडमध्ये जो थोडासा ड्रॅग दिसेल तो निव्वळ आकडेमोडीचा दोष. २० पॅनेलवर किती, ५०वर किती, २००वर किती, याचा आलेख काढा. चूक मोजायची इतकी स्वच्छ पट्टी पुढे कुठल्याही पायरीवर मिळत नाही.

आता १० अंशाला लिफ्ट काढा. १.२च्या आसपास येते. कागदावर आली होती १.०९७. प्रयोगात ती १.१च्या किंचित खालीच असते. म्हणजे साध्या सूत्राचं उत्तर वास्तवाच्या जवळ आणि मेहनतीने लिहिलेल्या कोडचं लांब! बरेच जण इथे आपला कोड चुकला असं समजून तो मोडायला घेतात. थांबा. कोड बरोबर आहे. जाडीमुळे लिफ्ट वाढते आणि हवेच्या चिकटपणामुळे ती कमी होते. साध्या सूत्राने दोन्ही गोष्टी सोडल्या, त्या दोन चुका एकमेकींना खोडून गेल्या आणि उत्तर जुळलं. पॅनेल कोडने जाडी धरली, चिकटपणा सोडला. त्याच्याकडे खोडायला दुसरी चूक नाही. आकडा जुळणं आणि भौतिकशास्त्र जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या एका एअरफॉइलने जितकं पक्कं शिकवलं तितकं कुठल्या लेक्चरने शिकवलं नाही.

तिसरी पायरी: एक्सफॉइल

एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि काही सेकंदांत उत्तर देतो. आत तुम्ही लिहिली तशीच पॅनेल पद्धत आहे, वर तिला बाउंडरी लेयरचं, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या पातळ थराचं, गणित जोडलं आहे. आधी चिकटपणा बंद ठेवून चालवा. लिफ्ट तुमच्या कोडशी जुळली की तुमच्या कोडला प्रमाणपत्र मिळालं. मग रेनल्ड्स नंबर ६० लाख देऊन चिकटपणा सुरू करा. आकडा पुन्हा १.१कडे उतरतो, आणि या वेळी योग्य कारणाने.

एक्सफॉइल स्वतः ठरवतो की बाउंडरी लेयर कुठपर्यंत लॅमिनर (शांत, थराथराने वाहणारी) राहील. नासाच्या तुलनेतली सॉल्व्हरची उत्तरं मात्र नाकापासूनच टर्ब्युलंट (खळबळता) थर मानलेली आहेत. त्यामुळे एक्सफॉइलचा ड्रॅग कमी दिसतो. तुलना करायची असेल तर दोन्ही बाजूंना नाकाजवळ ट्रिप लावा, म्हणजे थर तिथूनच टर्ब्युलंट धरला जाईल.

चौथी पायरी: एका मितीतली समीकरणं

विमान बाजूला ठेवून सरळ रेषेवर या. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, कारण इथे पंख दिसत नाही. पण सॉल्व्हरच्या पोटात काय चालतं ते इथेच कळतं.

१०० बिंदूंवर एक चौकोनी लाट घ्या आणि ती ठरावीक वेगाने उजवीकडे सरकवा. समीकरण शाळेतल्या मुलालाही पटेल इतकं सोपं: आकार तोच, जागा बदलली. काळात पुढचा आणि जागेत दोन्हीकडचा बिंदू घेऊन स्कीम (समीकरणाचं आकडेमोडीतलं रूप) लिहिली तर ती कोणत्याही टाइम स्टेपला फुटते. मग हवा जिथून येते त्या बाजूचाच बिंदू वापरा. आता स्कीम तगते, पण कूरांट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये लाट दोन बिंदूंमधल्या अंतराच्या किती पट सरकते) ०.५ ठेवला तर चौकोनाचे कोपरे झिजून त्याची टेकडी होते. नंबर बरोबर १ ठेवा, लाट जशीच्या तशी सरकते. १.१ करा, काही स्टेपमध्ये आकडे आभाळाला भिडतात. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी ही अट १९२८मध्ये मांडली, तेव्हा आजच्यासारखे संगणकही नव्हते. ती टेकडी नीट बघून ठेवा. समीकरणात चिकटपणा कुठेच नव्हता, तो स्कीमने आणला. पुढे अशाच फर्स्ट ऑर्डर (कमी अचूक) स्कीमवर तुमचा ड्रॅग अवाच्या सवा आला की हीच टेकडी आठवा.

मग बर्गर्स समीकरण, ज्यात लाट स्वतःच्याच वेगाने, यूने, सरकते. डावीकडे वेग १, उजवीकडे ०. मधली शॉक (आकड्यातली एकदम उडी) ०.५ वेगाने सरकायला हवी. समीकरण "यू गुणिले यूचा उतार" अशा रूपात ठेवून अपविंड (हवा येते त्या बाजूचा बिंदू घेणारी) स्कीम लिहिली तर शॉक जागची हलतच नाही. कारण बघा: उजवीकडे यू शून्य म्हणून बदल शून्य, डावीकडे उतार शून्य म्हणून बदल शून्य. ग्रिड (बिंदूंची जाळी) कितीही बारीक करा, उत्तर चुकीचंच राहतं. तेच समीकरण फ्लक्सच्या (सीमेतून किती आत-बाहेर जातं त्याच्या) रूपात लिहा, शॉक बरोबर वेगाने चालू लागते. छोट्या डब्यांच्या सीमांवरचा फ्लक्स मोजणारी फायनाइट व्हॉल्यूम पद्धत का वापरायची याचं इतकं थेट उत्तर दुसरं नाही.

शेवटी सॉडची शॉक ट्यूब, १९७८ची: नळीतला पडदा काढल्यावर जास्त दाबाची हवा कमी दाबाकडे धावते. डावीकडे घनता १, दाब १. उजवीकडे घनता ०.१२५, दाब ०.१. मधला पडदा ०.५वर. ०.२ एवढा वेळ गेला की शॉक ०.८५वर आणि कॉन्टॅक्ट (दोन बाजूंच्या हवेमधली सीमा) ०.६८५वर असतो, मधला दाब ०.३०३, मधला वेग ०.९२७. नेमकं उत्तर ठाऊक असल्यामुळे तुमच्या कोडला लपायला जागा नाही. फ्लक्स काढायला आधी लॅक्स-फ्रीडरिक्स स्कीम, मग १९८१ची रोची. त्याच जागी आणखी एक फ्लक्स बसवून बघा असं मी आवर्जून सांगतो: बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एस. एम. देशपांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केलेली कायनेटिक फ्लक्स व्हेक्टर स्प्लिटिंग. तिच्यात डावीकडे जाणारे आणि उजवीकडे जाणारे रेणू वेगळे मोजतात, म्हणून सूत्रात एरर फंक्शन आणि एक्स्पोनेन्शियल येतात. आपल्याकडे तयार झालेली ही पद्धत आपल्याच मुलांना माहीत नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाचवी पायरी: ओपनफोम

आता मोठा सॉल्व्हर उघडायला हरकत नाही. ओपनफोम फुकट आहे, विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीत) चालतो. सुरुवात त्याच्याच कॅव्हिटीच्या उदाहरणाने करा. चौकोनी डबा, वरचं झाकण सरकतंय. झिरो, कॉन्स्टंट आणि सिस्टिम या तीन फोल्डरांत काय असतं ते समजायला दोन दिवस द्या. वेगाचा आलेख घिया, घिया आणि शिन यांच्या १९८२च्या तक्त्याशी जुळवा. अडलात तर आयआयटी मुंबईचा मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा फॉसी प्रकल्प आहे. ओपनफोमच्या केस स्टडी ते विद्यार्थ्यांकडून करून घेतात, आणि आधी झालेल्या केस वाचायला मिळतात.

मग आपला एअरफॉइल. मेश (हवेचे छोटे सेल पाडणारी जाळी, म्हणजेच ग्रिड) स्वतः बनवण्याआधी नासाची तयार ग्रिड घ्या, प्लॉट-थ्रीडी स्वरूपातून ती ओपनफोममध्ये आणता येते. त्या ग्रिडमध्ये शेपूट टोकदार बंद आहे आणि बाहेरची सीमा सुमारे ५०० कॉर्ड लांब आहे. लिफ्ट देणाऱ्या पंखाचा प्रभाव फार दूरवर पोचतो. सीमा १० कॉर्डवर आणली की ती प्रवाहाला दाबते आणि आकडे सरकतात.

स्वतः मेश बनवाल तेव्हा पहिला प्रश्न असतो भिंतीलगतच्या थराचा. हिशेब एकदा हाताने करा. कॉर्ड १ मीटर, वेग ५१ मीटर प्रति सेकंद, रेनल्ड्स नंबर ६० लाख, म्हणून कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) ०.०००००८५ ठेवायची. खऱ्या हवेची याहून जास्त असते, पण सॉल्व्हरला फक्त गुणोत्तर कळतं. स्किन फ्रिक्शन (भिंतीवरच्या घर्षणाचा कोइफिशंट) म्हणजे ०.०२६ भागिले रेनल्ड्स नंबरचं सातवं मूळ, उत्तर ०.००२८. याच्या निम्म्याचं वर्गमूळ गुणिले ५१, म्हणजे फ्रिक्शन व्हेलॉसिटी १.९. वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) १ हवा असेल तर व्हिस्कॉसिटीला १.९ने भागा: ४.५ मायक्रॉन. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर तिचा पंधरावा भाग, आणि तो एक मीटर लांब पंखावर! तिथून १.२च्या पटीने वाढत गेलात तर शेपटीजवळची दीड सेंटीमीटरची बाउंडरी लेयर भरायला तीस-पस्तीस थर लागतात. एवढं बारीक जमत नसेल तर वॉल फंक्शन (भिंतीजवळचा थर सूत्राने धरण्याची सोय) वापरून वाय-प्लस ३०च्या वर ठेवा. पाच-दहाच्या मध्ये लटकत राहू नका, तिथे दोन्ही गृहीतकं लंगडी पडतात.

टर्ब्युलन्स मॉडेल: १९९२चं स्पॅलार्ट-ऑलमरास. एकच समीकरण, एअरफॉइलसाठीच घडवलेलं. बाहेरच्या सीमेवर त्याच्या चलाची किंमत व्हिस्कॉसिटीच्या ३ ते ५ पट द्या. १९९४चं दोन समीकरणांचं एसएसटी मॉडेल नंतर चालवून बघा. ओपनफोममधला सिंपलफोम सॉल्व्हर चालतो, ०.१५ माकला हवा जवळपास दाबली जात नाही. चालवण्याआधी मेश तपासणारी चेकमेश कमांड, दर वेळी.

माझ्या पहिल्या रनमध्ये लिफ्ट आली १.०८. फार आनंद झाला. ड्रॅग बघितला तर उणे ०.१८. पंख हवेने मागे ढकलला जाण्याऐवजी पुढे ओढला जातोय! दोन रात्री मेश बदलत बसलो. दोष मेशमध्ये नव्हताच. मी एअरफॉइल आडवाच ठेवून हवा १० अंशांनी तिरकी सोडली होती, पण लिफ्ट आणि ड्रॅग मोजायच्या दिशा तशाच उभ्या-आडव्या राहिल्या होत्या. लिफ्टचा एक भाग, १.०९ गुणिले १० अंशाचा साइन, म्हणजे ०.१९, ड्रॅगमधून वजा होत होता. दिशाही प्रवाहाबरोबर फिरवल्या आणि ड्रॅग ०.०१२वर आला. लिफ्ट बरोबर दिसतेय म्हणून कधीही थांबू नका, कारण दिशेतली चूक लिफ्टमध्ये जेमतेम एका टक्क्याने दिसते. दुसरी नेहमीची चूक क्षेत्रफळाची. टू-डी केस एका सेलएवढी जाड असते. ती जाडी ०.१ मीटर असेल तर संदर्भ क्षेत्रफळ ०.१ द्यायचं. १ दिलं तर सगळे कोइफिशंट दहापट कमी.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले एवढ्यावर समाधान मानू नका. लिफ्ट आणि ड्रॅगचा आलेख सपाट होईपर्यंत चालवा. स्पॅलार्ट-ऑलमरासने १० अंशाला नासाकडच्या उत्तरांत लिफ्ट १.०९ आणि ड्रॅग ०.०१२३ आहे. तुमची लिफ्ट एक-दोन टक्क्यांत आली की वहीत लिहा.

सहावी पायरी: तीन ग्रिड

२२५ × ६५, ४४९ × १२९, ८९७ × २५७. प्रत्येक वेळी दोन्ही दिशांना दुप्पट बारीक. तिन्हींवर तीच केस चालवा. सेकंड ऑर्डर स्कीम असेल तर ग्रिड दुप्पट बारीक झाल्यावर उत्तरातला फरक चौथाईवर यायला हवा. येत नसेल तर खरखरीत ग्रिड फारच खरखरीत आहे, किंवा कुठेतरी फर्स्ट ऑर्डर स्कीम राहून गेली आहे. सगळ्यात मोठ्या ग्रिडमध्येही सव्वादोन लाखांच्या आसपास सेल आहेत, रात्रभरात लॅपटॉपवर होते.

प्रोजेक्ट आणि व्हायवा

ग्रुपमध्ये अख्खं विमान घ्यायची टूम निघतेच. घेऊ नका. एक एअरफॉइल, एक बदल, उदाहरणार्थ फ्लॅप किंवा जमिनीची जवळीक, आणि त्याचा तीन ग्रिडवरचा अभ्यास एवढं चार मुलांना एका वर्षाला भरपूर आहे. कोन वाढवायचा असेल तर १५ अंशापर्यंत बिनधास्त जा. तिथे तुमचा पॅनेल कोड १.७८च्या आसपास सांगेल आणि स्पॅलार्ट-ऑलमरास १.५५च्या जवळ, दोघांमधली दरी रुंदावत गेलेली दिसेल. त्यापुढे स्टॉल (प्रवाह पंखापासून सुटून लिफ्ट कोसळणं) येतो, प्रवाह वेळेनुसार हलू लागतो, आणि स्थिर सॉल्व्हरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रिपोर्टमध्ये ही मर्यादा स्पष्ट लिहा, लपवू नका.

रिपोर्टच्या पहिल्या पानांत रंगीत चित्राऐवजी वहीतला तक्ता टाका: कागदावरची १.०९७, पॅनेलची १.२, एक्सफॉइलची दोन उत्तरं, ओपनफोमची तीन, आणि शेवटी प्रयोगाची. प्रत्येक ओळीपुढे काय धरलं आणि काय सोडलं ते एका वाक्यात. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतील की पहिली ओळ इतकी जवळ कशी आली. तेव्हा फळ्यावर जाऊन जाडीचा आणि चिकटपणाचा हिशेब मांडायचा, लॅपटॉप बंद ठेवून.